यादीतलं नाव

एप्रिल २०२३ मधली सकाळ. दूध गॅसवर ठेवून मी फोन बघितला, तर आमच्या बायकांच्या ग्रुपवरचा डोंगर गेलेला. त्या जागी हात जोडून हसणारा एक माणूस. ग्रुपचं नावही बदललेलं. कालपर्यंत त्यात तीर्थाचं नाव होतं, आज मतदारसंघाचं नाव आणि पुढे 'महिला परिवार'. खाली पहिला मेसेज होता, 'जयजिनेंद्र भगिनींनो, येत्या १० मे रोजी...' दूध उतू गेलं ते वेगळंच.

हा ग्रुप कसा तयार झाला होता ते आधी सांगते.

डिसेंबर २०२२ मध्ये झारखंडातल्या पारसनाथ डोंगराची, म्हणजे आपल्या सम्मेद शिखरजीची, बातमी घराघरांत पोचली. केंद्र सरकारने २०१९ मध्ये त्या डोंगराभोवतीचा पट्टा पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला होता, आणि त्याच अधिसूचनेत पर्यटनाला वाव ठेवला होता. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी, तिथं हॉटेलं येणार, सहलीचे लोक येणार, या विचारानंच आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची झोप उडाली. गावोगाव मूक मोर्चे निघाले. जानेवारीच्या सुरुवातीला जयपूरला उपोषणाला बसलेल्या एका मुनींनी देह ठेवला. ५ जानेवारी २०२३ ला केंद्राने पर्यटनाची कलमं थांबवली. हे सगळं तीन-चार आठवड्यांत झालं. सभा भरवायला, पत्रकं छापायला, गाडी फिरवायला वेळच नव्हता. सगळं फोनवरून झालं.

आमच्या गल्लीत तर कधी उंबरा ओलांडून 'आंदोलन' हा शब्द न उच्चारलेल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून रस्त्यावर आल्या. त्यांना बोलवायला मी आणि आणखी तिघी-चौघी बसलो होतो. सह्यांसाठी म्हणून एक फॉर्म फिरत होता. नाव, मोबाईल नंबर, गल्ली, वॉर्ड. मी स्वतः मंदिराच्या ओट्यावर बसून बायकांचे नंबर घेतले. अकरा दिवसांत २१२ बायका ग्रुपमध्ये आल्या. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

त्या २१२ बायका एका रात्रीत कुणाच्या तरी प्रचारात जाऊन बसल्या. ग्रुपच्या अॅडमिनपैकी एकीच्या घरी उमेदवाराच्या माणसांची ऊठबस होती, एवढंच पुढे कळलं. तिचाही फार दोष मी धरत नाही. फोन तिच्या नावावर, पण चालवत होता तिचा मुलगा.

दुपारी जेवणं आटपल्यावर मला आमची आज्जी आठवली. तिचं नाव यादीत कसं गेलं ती गोष्ट ती आम्हाला रंगवून सांगायची. देश स्वतंत्र झाल्यावर पहिल्या निवडणुकीची यादी करायला गावात शाळेचे मास्तर आले. आज्जी दाराआड. मास्तरांनी विचारलं, "नाव काय बाई?" आज्जी म्हणाली, "बाळूची आई." मास्तर म्हणाले, "तसं नाही चालत, तुमचं नाव सांगा." आज्जी गप्प. परक्या पुरुषाला आपलं नाव सांगायचं म्हणजे काय! शेवटी बाहेरून आजोबांनी सांगितलं, आणि नाव लिहिलं गेलं. आज्जी म्हणायची, "लग्नात बदललेलं माझं नाव त्या दिवशी मी दुसऱ्यांदा ऐकलं बघ."

तिची थोरली बहीण इंदूरला दिली होती. तिच्याकडे असंच कुणी विचारायला आलं, तेव्हा पुरुषमाणूस घरी नव्हता. सासूनं उत्तर दिलं, "आमची सून." तेवढंच लिहिलं गेलं. मग मतदानाच्या वेळी त्या घरातल्या पुरुषांचं नाव यादीत होतं, हिचं नव्हतं.

ही आमच्या घरची गंमत असं मी बरीच वर्षं समजत होते. पुढे वाचनात आलं की ती देशाची गोष्ट आहे. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात सतरा कोटींहून जास्त मतदार होते. यादी करताना लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. कुणी 'अमक्याची बायको', कुणी 'तमक्याची आई' म्हणून लिहिल्या गेल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की असं चालणार नाही. मतदार म्हणजे नाव असलेलं माणूस. बिहारला नावं सुधारून घ्यायला महिनाभर मुदतही वाढवून दिली. तरीसुद्धा सुमारे २८ लाख बायकांची नावं शेवटी यादीतून काढावी लागली. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत इथली. इंदूर तेव्हा मध्य भारतात होतं. म्हणजे आज्जीची बहीण त्या २८ लाखांतली एक.

सेनसाहेबांवर तेव्हा टीका झाली. मला मात्र त्यांचं बरोबर वाटतं. कारण त्याच्या आधीच्या कायद्यानं काय केलं होतं ते बघा. १९३५ च्या कायद्यात बाईला मत होतं, पण पुष्कळ जणींना ते नवऱ्यामुळे होतं. नवऱ्याकडे ठरावीक मालमत्ता असेल तर बायकोला मताचा हक्क. म्हणजे सरकारदरबारीच ती 'अमक्याची बायको' म्हणून मतदार झाली. १९३७ ची निवडणूक अशीच झाली. तिच्यानंतर आपल्या समाजातले अण्णासाहेब लठ्ठे मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झाले, त्याचा आम्हाला केवढा अभिमान, पण त्या निवडणुकीत आपल्या किती आज्ज्या स्वतःच्या नावानं मत देऊ शकल्या हा प्रश्न मी लहानपणी कुणालाच विचारला नाही. सेनांनी ती रीत मोडली. नाव नाही तर मत नाही. कडू औषध होतं, पण पुढच्या निवडणुकीला बायका नाव सांगायला लागल्या.

आता प्रचाराचं. पूर्वी राजकारण बाईपर्यंत पोचायचं कसं?

आमच्या बेळगावपुरतं बोलायचं तर पुरुषांपर्यंत ते भाषणातून पोचायचं. टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली ती इथंच, एप्रिल १९१६ मध्ये. त्या वेळी त्यांनी इथं जे भाषण केलं ते सरकारचे लघुलेखक बसून उतरवून घेत होते. पुढे बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून त्यांच्याकडे चांगल्या वागणुकीसाठी वीस हजारांचा जामीन मागितला गेला, आणि नोव्हेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. हे सांगायचं कारण एवढंच की जो बोलला तो नावानिशी बोलला, आणि बोलल्याचं निस्तरायला उभा राहिला.

१९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. गंगूबाई हनगल तेव्हा अकरा-बारा वर्षांची पोर, तिनं तिथं गायलं होतं. पाण्यासाठी खणलेली विहीर अजून आहे. आमच्याकडच्या कितीतरी घरांत 'आमची पणजी गांधीबाबाला बघायला गेली होती' असं सांगतात. सगळ्या पणज्या खरंच गेल्या असतील तर मांडव पुरला नसता! पण त्यातलं एक खरं आहे. ज्या गेल्या त्या कुणीतरी बोलावलं म्हणून गेल्या, आणि बोलावणारी ओळखीची बाई होती. मग तिसाच्या सालात प्रभातफेऱ्या आल्या. हळदीकुंकवाला सूत कातायची गोष्ट निघायची. बाईपर्यंत राजकारण पोचायचं ते बाईच्या तोंडून, आणि तेही ओट्यावर बसून. सांगणारीचा चेहरा समोर असायचा. ती चुकली तर दुसऱ्या दिवशी नळावर तिला विचारता यायचं.

स्वराज्यानंतर गंमतच गंमत. पहिल्या निवडणुकीत कलकत्त्याला रस्त्यावरच्या गाईंच्या पाठीवर बंगालीत 'काँग्रेसला मत द्या' असं रंगवलं होतं म्हणे. मतदान कसं करायचं याच्या फिल्मा देशभरच्या तीन हजारांवर सिनेमागृहांत दाखवल्या. आकाशवाणीवरून मतदानाची माहिती दिली जायची, पण पक्षांना तिथं बोलता यायचं नाही. ती सोय १९७७ ला झाली. कम्युनिस्टांचा प्रचार तेवढा मॉस्कोच्या रेडिओवरून यायचा. आज्जीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला माहीत होती बैलजोडीची पेटी. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, वर चिन्ह चिकटवलेलं. चिठ्ठी न्यायची, आपल्या पेटीत टाकायची. "बैलांस्नी घास घातल्यागत वाटलं," असं ती म्हणायची.

माझ्या लहानपणी जीप आणि कर्णा. मागून पत्रकं उधळायची आणि आम्ही पोरं ती गोळा करायला धावायचो. आई त्याचे पुडे करायची. भिंती रंगवलेल्या असायच्या. शेषन आयुक्त झाल्यावर ते सगळं आवरलं गेलं आणि निवडणुका एकदम शांत वाटायला लागल्या.

पण बेळगावानं प्रचाराचा एक असा प्रकार करून दाखवला की त्याला तोड नाही. १९९६ ची लोकसभा. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जात नाही म्हणून मराठी माणसांनी शेकड्यांनी उमेदवारी अर्ज भरले. एका जागेला ४५६ उमेदवार! मतपत्रिकेची पुस्तिका झाली. आई मत देऊन आली आणि पायऱ्यांवरच बसली. म्हणाली, "अगं, लग्नाची यादी बरी. एक पान उलटलं की दुसरं. माझं चिन्ह सापडेपर्यंत मागची बाई खोकायली." अनामत रक्कम तेव्हा ५०० रुपये होती. हिशेब केला तर सव्वादोन लाखांवर रुपये लोकांनी खिशातून घातले, मिळणार काही नाही हे माहीत असताना. देशभरच्या पेपरांत बेळगावचं नाव आलं. 'ट्रेंडिंग' हा शब्द तेव्हा आमच्याकडे आला नव्हता, पण झालं ते तेच. पुढे त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत १०,००० केली. आज ती २५,००० आहे. सीमाप्रश्न आहे तिथंच आहे. त्या मार्गानं काही साधलं का, यावर आमच्या घरात अजून दोन तट पडतात. मला त्यातली एक गोष्ट मोठी वाटते. त्या पुस्तिकेत ४५६ नावं छापलेली होती. पुरं नाव, पत्ता, स्वतःची सही. गर्दी होती, पण बिननावाची नव्हती.

मग फोन आले. २००४ च्या निवडणुकीत घरचा फोन वाजला की पलीकडून वाजपेयींचा आवाज यायचा. रेकॉर्ड केलेला, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काय कळणार? माझ्या सासूबाईंनी पदर सावरला होता आणि "हो, हो" म्हणत होत्या. आम्ही हसलो. आज वाटतं, हसायला नको होतं. आपल्या घरात, आपल्या कानाशी, मोठ्या माणसाचा आवाज पहिल्यांदा आला होता आणि त्यांना उत्तर द्यावंसं वाटलं. पलीकडे ऐकायला कुणी नव्हतं, ती चूक त्यांची नव्हती.

२००८ ला अमेरिकेत ओबामांनी इंटरनेटवरून लोकांना जोडून घेतलं, ते बघून आपल्याकडच्या पक्षांनीही तयारी केली. निवडणूक आयोगानं ऑक्टोबर २०१३ मध्ये नियम काढले. उमेदवारानं अर्ज भरताना सोशल मीडियावरची आपली खाती प्रतिज्ञापत्रात सांगायची. तिथल्या जाहिराती आधी मंजूर करून घ्यायच्या. त्यावरचा खर्च निवडणूक खर्चात धरायचा. २०१४ ची लोकसभा या नव्या रीतीची पहिली मोठी निवडणूक.

नियम चांगले आहेत. पण ते कुणासाठी आहेत ते बघा. उमेदवाराचं खातं, पक्षाची जाहिरात. मंदिराच्या ओट्यावर जमवलेल्या २१२ बायकांचा ग्रुप हे कुणाचंच खातं नाही. कर्नाटकात विधानसभेच्या उमेदवाराला २०२३ मध्ये ४० लाखांपर्यंत खर्चाची मुभा होती. आमच्या ग्रुपवरून जो प्रचार झाला त्याचा खर्च शून्य. माझ्या हातांनी नंबर लिहिले, माझ्या ओळखीवर बायका आल्या, याला कोणता दर लावणार? मतदानाच्या आधीचे ४८ तास प्रचार बंद असतो. १९५१ च्या कायद्यातच ते आहे. ८ मेच्या संध्याकाळी कर्णे थांबले, झेंडे उतरले. आमच्या ग्रुपवर मात्र ९ तारखेच्या रात्री साडेअकरापर्यंत मेसेज येत होते. कुणी पाठवले? तर आमच्यातल्याच चार बायकांच्या नंबरवरून आले. त्यांना ते कुणीतरी पाठवले होते आणि 'पुढे पाठवा' म्हटलं होतं.

कर्नाटकात हे आधीच सुरू झालं होतं. २०१८ च्या विधानसभेला बाहेरच्या देशांतल्या पेपरांनी सुद्धा लिहिलं की ही व्हॉट्सअॅपची निवडणूक आहे. दोन मोठ्या पक्षांचे मिळून निदान ५०,००० ग्रुप असल्याचा दावा तेव्हा झाला होता. त्या वेळी एका ग्रुपात २५६ माणसं बसायची, आता १,०२४ बसतात. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागत आलेल्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज तेव्हा घरोघर फिरत होते. आमच्याकडेही आले होते. मी ते पुढे पाठवले होते का? आठवत नाही, आणि ते न आठवणंच मला खातं. आल्या मेसेजला आपण हात लावतो, पुढे सारतो, आणि विसरतो. त्या महिन्यात कंपनीनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल असं केलं. पुढे फार फिरलेले मेसेज एकाच ठिकाणी पाठवता येतात असं झालं. थोडा फरक पडलाही असेल. पण ज्या बाईला ओट्यावर पाच जणी मानतात तिला पाच पुरतात की.

आणि आता तर सगळ्या पक्षांची नजर बायकांवर आहे. त्याला कारण आहे. १९६२ च्या लोकसभेला पुरुषांतले ६३ टक्के मतदान करून आले, बायकांतल्या ४७ टक्केसुद्धा नाहीत. २०१९ ला पहिल्यांदा बायका थोड्या पुढे गेल्या. पुरुष ६७.०१ टक्के, बायका ६७.१८. २०२४ ला पुन्हा पुढेच. मग काय, २०२३ ला आमच्याकडे एकानं घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला दोन हजारांचं हमीपत्र वाटलं, तर दुसऱ्यानं वर्षाला तीन सिलिंडर आणि रोज अर्धा लिटर दूध देऊ म्हटलं. तिकडे इंदूरच्या नणंदेला लाडली बहना, कोल्हापूरच्या धाकटीला पुढच्या वर्षी लाडकी बहीण. आम्ही तिघी फोनवर बसलो की कुणाचे जमा झाले, कुणाचे अडकले, यावरच अर्धा तास जातो. पैसे वाईट नाहीत. पहिल्यांदा स्वतःच्या नावच्या खात्यात पैसे आलेल्या बायका मी बघितल्यात, त्यांच्या तोंडावरचं तेज खोटं नव्हतं. पण त्या पैशासाठी नंबर द्यावा लागतो, आणि तो नंबर कुठंकुठं जातो हे कुणी सांगत नाही. आज्जीनं दाराआड लपवलेलं नाव आम्ही आता दिवसाला चार ठिकाणी देतो. दुकानात, दवाखान्यात, मंदिरात, आणि दारात टॅब घेऊन आलेल्या पोराला.

माझी स्वतःची चूक सांगितल्याशिवाय हे लिहिणं खरं होणार नाही.

जानेवारी २०२३ च्या पहिल्याच आठवड्यात मला एक व्हिडिओ आला. कुठल्याशा डोंगराच्या पायऱ्यांवर पोरं बूट घालून बसलेली, मटण खातायत, बाटल्या उघडल्यात. वर लिहिलेलं, 'बघा शिखरजीवर काय चाललंय'. माझं रक्त उसळलं. मी त्यावर आणखी एक ओळ लिहिली, 'बाहेरून आलेल्या लोकांना आपल्या तीर्थाची काय किंमत', आणि तीन ग्रुपांवर टाकला. दोन दिवसांनी पुण्याच्या भाचीचा फोन. "मावशी, कोपऱ्यातली पाटी वाचलीस का? हे झारखंड नाही." मी पुन्हा बघितला. पाटी स्पष्ट होती. भाषाच वेगळी. माझ्या लक्षात आलं नाही, कारण मला बघायचं होतं तेच मी बघितलं. मी तो पुसला. पण तोवर माझी ओळ त्याच्यासकट इंदूरला जाऊन तिथून मलाच परत आली होती! खाली कुणीतरी 'जरूर शेअर करा' जोडलं होतं.

त्याच महिन्यात वाचलं की पारसनाथ डोंगर संथाळांचाही देव आहे. ते त्याला मरांग बुरू म्हणतात, थोरला डोंगर. तेही जमले, मोर्चे काढले, आमचाही हक्क आहे म्हणाले. ज्यांना मी न बघता 'बाहेरून आलेले' म्हटलं होतं, ते त्या डोंगराच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणारे. शिखरजीसाठी रस्त्यावर आल्याचा मला आजही पस्तावा नाही. ते आपलं काम होतं आणि फोन नसता तर ते तीन आठवड्यांत झालं नसतं. पण त्या ओळीचा पस्तावा आहे. ती माझ्या नावानं गेली आणि पुढे बिननावानं फिरत राहिली. भाषणातली ओळ असती तर मला कुणी विचारलं असतं.

म्हणून एप्रिलात ग्रुपवरचा डोंगर बदलला तेव्हा मला रागापेक्षा लाज वाटली. ते नंबर मी घेतले होते. बायकांनी ते त्या उमेदवाराला दिले नव्हते, त्या पक्षाला नव्हते, अॅडमिनलाही नव्हते. मला दिले होते, शिखरजीसाठी.

मी ग्रुपवर लिहिलं, 'हा ग्रुप ज्या कामासाठी केला ते झालं आहे. ज्यांना प्रचार नको त्यांनी बाहेर पडावं.' दहा मिनिटांत मलाच बाहेर काढलं. ठीक आहे. आता गुपचूप बाहेर पडता येतं, फक्त अॅडमिनला कळतं, तरी कुणी पटकन पडेना. फोन करून विचारलं तर उत्तरं बघा. एक म्हणाली, "सासरचे त्याच पक्षाचे, मी कशी पडू?" दुसरी म्हणाली, "राहू दे की, त्यात एकादशीचं पण येतं." तिसरीला कसं बाहेर पडायचं तेच माहीत नव्हतं. फोन नातवाच्या हातात, आणि नातू शाळेत.

मग मी आणि गल्लीतली एक शिक्षिका, दोघी चालत फिरलो. उन्हाचे दिवस. दहा-बारा दिवस रोज संध्याकाळी चार-पाच घरं. कुणाला मत द्या, देऊ नका, हे एक अक्षर आम्ही बोललो नाही. फक्त एवढंच विचारलं, "तुमचा नंबर मी घेतला होता. तो तिथं राहू दे की काढू?" बऱ्याच जणी म्हणाल्या, राहू दे. त्यांची मर्जी. काहींनी चहा दिला, काहींनी दारातूनच बोळवलं. एका घरी तर "तुम्ही दुसऱ्या पार्टीच्या काय?" असं स्पष्ट विचारलं. पण माझ्या सासूबाईंच्या वयाच्या एक काकू, ज्यांना मी 'किराणावाल्यांच्या आई' म्हणूनच ओळखते, त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "काढ गं माझं नाव त्यातनं. मी सही देवासाठी दिली हुती."

त्यांचं नाव काढायला मी ग्रुपची यादी उघडली. वरून खालपर्यंत बघितलं. बहुतेक बायका नावानं नव्हत्याच. कुणी 'आदित्य मम्मी', कुणी 'पाटील काकू ३', कुणाचा नुसता फुलाचा फोटो आणि पुढं ठिपका. माझ्या फोनमध्ये तर मीच सगळ्यांना असं साठवलं होतं. काकू माझ्या यादीत 'किराणा आई' होत्या.

शेवटी ३८ बायकांचा नवीन ग्रुप झाला. त्यात पर्युषणाच्या वेळा येतात, औषधाच्या चौकश्या येतात, आणि कुठलाही व्हिडिओ टाकायचा तर तो कुठला ते लिहायचं असं ठरलंय. पाळलं जातं असं म्हणणार नाही. पण ग्रुप करायच्या दिवशी मी एक वही काढली आणि एकेकीला फोन करून पुरं नाव लिहून घेतलं. काकूंची पाळी आली. मी म्हटलं, "काकू, तुमचं नाव सांगा."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग त्या हसल्या.

"माझं? आत्ता? थांब हं. कुठलं सांगू, माहेरचं का सासरचं?"

मी म्हटलं, "तुम्हाला जे आवडतं ते."

त्यांनी माहेरचं सांगितलं. मी ते वहीत लिहिलं, आणि मग फोनवर.